आधी आमची अंगझडती

पोलीस ठाण्यात सगळे मला ‘ॲपवाली’ म्हणतात. झडती आणि जप्तीच्या कायद्याचं ते ॲप सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये आहे, पण उघडून वाचते मी एकटी. आणि वाचलेलं दुसऱ्याला ऐकवायची मला भारी हौस.

मोरवा गावात एका बाईच्या खोलीची झडती घ्यायला गेलो, तिथेही माझं तेच चाललं होतं. बेव्हर्ली पार्कमधल्या एका घरातून सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या आणि संशय तिथे स्वयंपाक करणाऱ्या या बाईवर होता. बाई मूळची रत्नागिरीकडची, तीन-चार घरचा स्वयंपाक करून पोट भरणारी. चोरटी म्हणून नाव झालं की ती सगळीच घरं सुटणार, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. दारात अख्खी गल्ली जमली होती. पंच म्हणून गल्लीतलीच एक म्हातारी आणि कोपऱ्यावरचा किराणावाला आत उभे होते. साहेब मोबाइलवर व्हिडिओ काढत होते.

मी ॲपमध्ये बघून म्हणाले, “आधी तुम्ही आमची अंगझडती घेऊ शकता. आम्ही बाहेरून काही आणलं नाही याची तुम्हाला खात्री पाहिजे ना!”

हे विचारायची रीतच आहे. समोरचा माणूस घाबरून नको म्हणतो, पंचनाम्यात तसं लिहायचं आणि कामाला लागायचं.

ती म्हणाली, “घेते.”

माझं डोकंच फिरलं. पोलिसाच्या अंगाला हात लावणार ही! पण व्हिडिओ चालू होता. तिने माझे खिसे चाचपले, मग खांद्यावरची पिशवी उघडून स्टीलचा डबा बाहेर काढला. झाकण उघडून आत पाहिलं.

“या चकल्या मीच तळल्यात, मॅडम. त्यांच्याच घरी.”

सकाळी बेव्हर्ली पार्कला जबाब घ्यायला गेले तेव्हा फिर्यादीबाईंनी डबा हातात ठेवला होता. ‘मुलांना न्या’ म्हणाल्या आणि मी घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझे कान तापले. फिर्यादीचं घेऊन मी हिच्या दारात उभी आहे, हे तिला कळलं होतं.

त्या लाजेचा राग मी तिच्या घरावर काढला. पेटी उपसली, पीठ चाळलं, गाद्या उलट्यापालट्या केल्या. बांगड्या नव्हत्याच.

“मग बाहेर तेवढं सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही आलात ते सगळ्यांनी बघितलंय.”

मी दारात गेले आणि मोबाइल काढून उगाच ॲप चाळू लागले. शेवटी म्हातारीच पुढे झाली.

“हिच्याकडं काय न्हाय मिळालं! मिळालं ते या मॅडमच्या पिशवीत!”

गल्ली खो खो हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी आत वळले. ती जमिनीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. मी वाकून एक साडी उचलली.

“राहू द्या, मॅडम,” ती वर न बघता म्हणाली. “आता हात नका लावू.”