कार्डबाईचा फोन

पिशव्या शिवायच्या त्या कारखान्यात जिन्याखाली एक खोली आहे. छत इतकं बुटकं की आत शिरणारा वाकूनच येतो. कार्डबाई म्हणते, "बघा, केवढा मान आहे मला!" खरं नाव तिचं हजेरीपटावर असेल. तीनशे माणसांच्या आजारपणाच्या विम्याची कार्डं तिच्याकडे, म्हणून ती कार्डबाई.

काम म्हणजे डोक्याला ताप. कुणाला बायकोची जन्मतारीख आठवत नाही, कुणी जुळ्यांपैकी एकालाच लिहितो. एका बहाद्दराने 'जुना आजार' या रकान्यात 'सासू' लिहिलं होतं. म्हणून बाईचा शिरस्ता: कागदावर ज्याचं नाव, त्याच्याशी फोनवर बोलल्याशिवाय शिक्का नाही. "कागद खोटं बोलतो गं," ती म्हणते, "खोकला नाही बोलत."

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, चेनवाली आली. पिशव्यांना चेन बसवते ती. फॉर्मात नवरा, दोन पोरं आणि सासू. बाईने चष्म्यावरून पाहिलं.

"आणि तुझे आजारी वडील?"

"आईवडील नाहीतर सासूसासरे, एकच जोडी चालते ना, बाई."

"ते मला नको शिकवूस. डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन महिन्यांच्या आत हृदयाची झडप बदला." चेनवाली बोटांवरचे सुईचे वण चोळत बसली. "पण सासूबाईंचं नाव कुठल्या तोंडाने खोडू? त्या पोरांना बघतात म्हणून मी इथं मशीनवर बसते."

"घरी विचारलंस?"

"विचारलं म्हणजे मागितलंच की."

कार्डबाईने फोन पुढ्यात ओढला. कुणाच्या घरातली गोष्ट कुणाच्या कानावर घालायची नाही, हे तिने वीस वर्षं पाळलं होतं. पण फोन तर शिरस्त्याचाच होता. तिने नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"कोण?" सासूबाईंचा आवाज खोलीभर घुमला.

"कारखान्यातून, कार्डबाई. जन्मतारीख सांगा."

"ती काय दरवर्षी बदलते? गेल्या साली सांगितली तीच!"

एरवी बोलणं इथंच संपायचं. आज बाईने नियमांचा कागद उचलला आणि लहान पोराला वाचून दाखवावं तसं सावकाश वाचलं, "कर्मचाऱ्याचे आईवडील किंवा सासूसासरे, यांपैकी एकाच जोडीला विमा मिळेल."

चेनवाली हातानेच 'नको, नको' करत राहिली. पलीकडे कुठलंसं पोर भोकाड पसरत होतं.

"परत वाचा," सासूबाई म्हणाल्या.

बाईने परत वाचलं.

"म्हणजे सहा वर्षं मी व्याह्यांच्या जागेवर ठाण मांडून बसलेय? आणि ही बया चकार शब्द बोलली नाही! आमचा एवढासा जिना चढताना चारदा थांबतो तो माणूस. मला काय दिसत नाही? खोडा माझं नाव!"

"आई, अहो तुमचे गुडघे..." चेनवाली कशीबशी म्हणाली.

"गुडघे कुठं पळून चाललेत? पळता येत असतं तर दुखले असते का?"

"वर्षभर परत नाव घालता येणार नाही," बाईने बजावलं. हेही सांगणं भागच होतं. "मध्ये काही झालं तर विमा नाही."

"मग वर्षभर काही होऊ द्यायचं नाही. एवढंच ना? ठेवते, पोरगं रडतंय."

चेनवालीच्या डोळ्यांना धार लागली. बाईने पेन तिच्यापुढे सरकवलं. "रड नंतर. आधी वडिलांची जन्मतारीख लिही, पाचला खिडकी बंद होते." मग वडिलांनाही फोन झाला. दोन वाक्यांत तीनदा दम लागला त्यांना. बाईने शिक्का मारला.

झडप बसली. व्याही आता जिना एका दमात चढतात, आणि परत उतरून वरच्या सासूबाईंना "या की खाली!" म्हणून चिडवतात.

अन् दर महिन्याच्या एक तारखेला जिन्याखालचा फोन वाजतो.

"कार्डबाई, मी बोलतेय. अजून ठणठणीत आहे. लिहून घ्या."

बाई कॅलेंडरवर बरोबरची खूण करायला पेन्सिल उचलते, पण लगेच करत नाही.

"अशी नाही सोडायची मी तुम्हाला," ती म्हणते. "आधी खोकून दाखवा बघू."