भरडा

धाकटा भाऊ उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तेव्हा मी इंदापूरला आईजवळ राहायला गेले. बायबलच्या भाषांतराचं काम सोबत होतं. 'गेरेस' या हिब्रू शब्दापाशी मी अडले होते. त्याचा अर्थ जाडसर कुटलेलं नवं धान्य. आई जात्यावर ज्वारीच्या कण्या काढत होती.

"आई, ह्याला काय म्हणायचं?"

"भरडा. दाणा ऱ्हात न्हाय, पीठ बी हुत न्हाय."

मी लिहून घेतलं. एका स्तोत्रात ओढीनं भरडलेल्या जिवालाही त्याच मुळाचा शब्द वापरलाय, हे सहज बोलून गेले.

आईचा हात थांबला. "व्हय, तसंच हुतंय," ती म्हणाली आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं हंबरडा फोडला. त्या दिवशी चूल पेटली नाही.