साखरपुड्यातलं लग्न

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. यवतच्या स्टँडमागं एक शिंपी होते. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते गिऱ्हाइकांची मापं लिहीत. लेकीचं लग्न साखरपुड्यातच उरकायचं त्यांनी ठरवलं. वाचलेल्या पैशांत ती नर्सिंग शिकणार होती. बैठकीत व्याह्यांदेखत मी थट्टा केली, "एवढी घाई? पोरीत काय खोट हाय का, आप्पा?"

"तसं न्हाई, आबा," एवढंच ते म्हणाले.

व्याह्यांची शंका फिटावी म्हणून मग मांडव, बँड, हजार पानं झाली. नर्सिंग राहिलं. शिरूरला नांदायला गेलेली लेक रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला लागली.

नंतर मी कितीदा तरी दुकानात गेलो. मान वर न करता ते म्हणायचे, "बोला आबा." ते वारले तोवर मी दरवेळी सदऱ्याचं माप देऊन परतलो, "माझं चुकलं" एवढं बोललो नाही.