तिसरं फूल

शेजारच्या बाईंचं एक फूल मी चोरलं. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले, आणि लिहिल्यावरही ते पुरतं खरं वाटत नाही. फूल मी कापलं, हे खरं. ते त्यांचं होतं का, इथे माझा गोंधळ सुरू होतो.

अमेरिकेत रेडमंडला घर घेतलं तेव्हा आमच्या मागच्या अंगणात नुसतं शेवाळ होतं. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. एका ऑक्टोबरात त्यांनी कुंपणावरून कागदाची पिशवी पुढे केली. आत कांद्यासारखे दिसणारे डॅफोडिलचे कंद, त्यांच्याच वाफ्यातले, उपटून सुटे केलेले. पांढऱ्या पाकळ्या आणि मधल्या वाटीला नारिंगी कड, अशी ती जात.

"एकाच कंदाची पोरं आहेत," त्या म्हणाल्या. "फुलल्यावर तुझं कुठलं नि माझं कुठलं, मलासुद्धा सांगता येणार नाही."

हे त्यांचं बोलणं पुढे मी मनातल्या मनात फार वापरलं.

गावातल्या हॉलमध्ये दर वसंतात या फुलांचं प्रदर्शन भरतं. त्यात भाग घ्यायला त्यांनीच मला लावलं आणि सगळं शिकवलंही त्यांनीच. फूल पुरतं उघडलं की कापायचं, देठ खोल पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचं. जवळ केळी-सफरचंदं ठेवायची नाहीत, फुलं लवकर मान टाकतात. मग मऊ ब्रशने पाकळ्यांवरची माती झाडायची, वाकडी पाकळी दोन बोटांत धरून उबेने सरळ करायची. एक पाकळी बरोबर वर, घड्याळातल्या बारासारखी. मी डायनिंग टेबलावर हे करत बसलो की बायको चहा घेऊन समोर बसायची.

"लग्नात माझ्या गळ्यात हार असा फेकला होतास की जणू पदक घालतोयस," ती म्हणाली. "तेव्हा कुठे होती रे ही बोटं?"

या वर्षी मी 'तीन एकसारखी फुलं' या गटात नाव दिलं. एकाच जातीची तीन फुलं, आकाराने, वयाने, चेहऱ्याने सारखी. नियम साधा होता: फुलं स्वतः वाढवलेली हवीत. फॉर्मवर तशी सही करायची. मी केली.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फ्रीज उघडला तर दह्याच्या पातेल्यामागे एका फुलाची मान मोडलेली.

"मला काय माहीत?" बायको म्हणाली. "फ्रीज आहे तो, म्युझियम नाही. दुसरं आण ना बाहेरून."

मी बाहेर गेलो. माझ्याकडची उरलेली फुलं एक तर जून झाली होती, नाहीतर कळ्या होत्या. कुंपणापलीकडे मात्र त्याच जातीची तीन, ताजी, पावसाने धुतलेली. बाई चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेल्या होत्या. त्यांच्या वाफ्यांत त्या आठवड्यात शेकडो फुलं होती, त्यांना एका फुलाचं काय, असं मी स्वतःला सांगितलं आणि कुंपणावरून वाकून कात्रीने एक कापलं. लहानपणी पुण्यात आम्ही पहाटे पिशवी घेऊन लोकांच्या कंपाउंडवरून वाकलेली जास्वंद तोडायचो. देवाच्या फुलाला चोरी लागत नाही, असं घरी म्हणत. त्या सवयीचा हात असेल तो. पण हे फूल देवासाठी नव्हतं आणि बाई रोज संध्याकाळी छोट्या वहीत फुलं मोजून लिहितात, हेही मला ठाऊक होतं.

सकाळी हॉलमध्ये त्या आल्या त्या हातात बाटली घेऊन, आणि बाटलीत दोन फुलं. त्यासुद्धा त्याच गटात भाग घेणार होत्या. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी थांबलो असतो का? लगेच 'हो' म्हणवत नाही.

"काल तालमीला जाण्याआधी या जातीची तीन होती," त्या म्हणाल्या. "मी लिहून ठेवलंय."

वही काढून त्यांनी दाखवली. बारीक अक्षरात तीनचा आकडा होता. मी तो बघितला आणि मान हलवली. माझी तीन फुलं तेव्हा टेबलावर मांडून झाली होती. त्या माझ्या फुलांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सुंदर," म्हणाल्या. "अगदी सारखी."

पहिलं बक्षीस मला मिळालं. निळी फीत गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये टाकली. बायकोने दोनदा मागितली, तेव्हा ऑफिसात राहिली म्हणून सांगितलं.

आठवड्याने कचऱ्याचे डबे रस्त्यावर ओढत असताना त्या भेटल्या.

"मुलीला फोनवर सांगितलं, मी दोनाची तीन लिहिली. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते." मग हसून म्हणाल्या, "तुझ्याकडे तर नाही ना आलं ते चालत?"

तेव्हाच सांगायचं. त्यांनी जणू दार उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

फूल कापलं ती चोरी. 'होतं असं' म्हणालो, त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्या मान डोलवून आत गेल्या आणि त्यांचा डबा रस्त्यावर तसाच राहिला.

मे महिन्यात मुलगी येऊन गेली. गेल्या रविवारी बाईंनीच सांगितलं की वृद्धांसाठीची एक जागा बघितली आहे, पुढच्या आठवड्यात सही करायची. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो. वाफ्यांचं काय करायचं ते विचारायला त्यांनी बोलावलं होतं.

"मला जायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मोजण्यावर माझाच भरवसा नाही, तर भांडू कशाच्या जोरावर?"

मी सांगितलं. पातेलं, कुंपण, कात्री, सगळं. मधे दोनदा 'एकाच कंदाची पोरं'वर घसरलो, स्वतःलाच लाज वाटली आणि थांबलो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फ्रीजवरच्या चुंबकाखालचा कागद काढून आणला. मुलीने छापलेली यादी होती, आईच्या हातून काय काय झालं त्याची. पाच गोष्टी. चौथी, फुलं चुकीची मोजली. त्यांनी पेन्सिलने ती खोडली, आणि मग पेन्सिल पहिल्या ओळीवर ठेवून माझ्याकडे बघितलं.

"किटली गॅसवर राहिली ती?"

"नाही," मी म्हणालो. "ती मी नाही."

"गाडीची किल्ली, ब्रेडच्या डब्यात?"

"नाही."

"मंगळवारच्या गोळ्या दोनदा?"

माझ्याकडून 'हो' यावं म्हणून त्या थांबल्या होत्या. आणि खरं सांगतो, तोंडाशी 'हो' आलंही होतं. आधी खोटं बोललो ते स्वतःसाठी, आता त्यांच्यासाठी बोललं तर ते फिटेल की दुप्पट होईल?

"नाही," मी म्हणालो.

पाचवं त्यांनी विचारलं नाही. फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, हेही मी रचतेय."

पलीकडे मुलीने उचलला. मी शेजारचा बोलतोय म्हणताच तिचा आवाज बदलला. "काय झालं? काय केलं तिने?"

"त्यांनी काही केलं नाही," मी म्हणालो, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी कंदाचं काढलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थँक यू. पण बाकीच्या चार?" आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

बाई पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बाकीच्या चारांचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण फुलं तीनच होती. ती त्यांनी बरोबर मोजली होती."

"हे परत सांग," बाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने."