समोरचं दार

अंगद कुणाच्याही घरात शिरला की आधी जमिनीवर आडवा व्हायचा. चहा नंतर, ओळखपाळख नंतर. पाठ टेकवून छत, खिडकी, दार निरखत राहायचा आणि घरमालकाला 'ह्याला फीट तर आली नाही ना' अशी काळजी वाटेपर्यंत उठायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "हिंडतं-फिरतं मानूस घरात कितीसं ऱ्हातंय बे? घर लागतंय निजलेल्याला. म्हाताऱ्याला, दुखनाईताला, बाळंतिनीला. त्येंला काय दिसतंय ते बघाय नगं का?"

औरंगाबादच्या आर्किटेक्चर कॉलेजात पाच वर्षं आम्ही एका खोलीत काढली. मी बीड शहरातल्या मास्तरांचा मुलगा. तो वडवणीजवळच्या खेड्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जाऊन उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचा. पुढे बीडच्या वसतिगृहात आला. शेवटच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांपुढे आम्ही सगळ्यांनी विमानतळ आणि संग्रहालयं मांडली. अंगदनं तोडकऱ्यांची कोपी मांडली, आणि तिची उंची समजावून द्यायला थेट फरशीवर आडवा झाला. परीक्षक म्हणाले, "उठा, कपडे खराब होतील." हा पडल्या पडल्या म्हणाला, "सर, तुमी बी या की." सर काही आडवे झाले नाहीत. मार्क मात्र बरे दिले.

पदवी हातात पडली आणि आम्ही पांगलो. एक जण मुंबईत सिनेमाचे सेट उभारायला लागला. एक मैत्रीण नगररचना खात्यात साहेब झाली. फारुक दुबईला गेला. मी पुण्याच्या एका मोठ्या फर्ममध्ये उंच इमारतींच्या जिन्यांची आणि संडासांची ड्रॉइंग काढतो. त्या इमारतींत राहणारा एकही माणूस मला माहीत नाही. मागं परत गेला तो एकटा अंगद. वडवणीत बसस्टँडमागं एक गाळा घेतला आणि पाटी लावली.

पाटीवर आर्किटेक्ट लिहिलेलं असलं तरी लोक त्याला इंजिनिअरसाहेबच म्हणत. कर्जासाठी नकाशा हवा असला की येत, सहीशिक्का घेत आणि घर मिस्त्रीच्या मनानं बांधून मोकळे होत. एका मुकादमाला तर मोबाईलमधल्या फोटोतला बंगला हवा होता, खांबांसकट आणि सिंहांसकट. अंगद मला फोन करायचा. "उजेड कुठून घिऊ इचारलं, तर म्हनतेत कसे, मीटर बसीवलंय की. बोलाय मानूस न्हाई बे हितं." आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मग हसू ओसरायचं, आणि तरी फोन कुणीच ठेवायचं नाही.

एकदा त्याच्याच गावचा बिभीषण आला. बायकोबरोबर जोडीनं ऊस तोडणारा, अंगदचा लहानपणचा सोबती. त्याला दोन खोल्या बांधायच्या होत्या. म्हणाला, "आमी दिवाळी झाली की जातो. माय एकटीच ऱ्हाती मागं. तिचं बघ काय व्हतंय का." अंगदला आयुष्यात पहिल्यांदा कुणी घर मागितलं होतं. भर उन्हाळ्यात तो रोज त्या गल्लीत जाऊन बसायचा. समोर गीताबाईचं दार. तिथं दिवसभर बाया शेंगा फोडत बसलेल्या, पोरांचा दंगा, कोंबड्या. बिभीषण कुलूप लावून गेला तरी उघडी राहील अशी अंगदनं म्हातारीची खोली ठेवली, तिला स्वतंत्र दार दिलं आणि बाजेवर पडल्या पडल्या समोरचं दार दिसेल अशी बुटकी, रुंद खिडकी काढली. मिस्त्री कुरकुरला, पण नकाशाप्रमाणंच बांधलं. बिभीषणची आई, सोजरमाय, बाजेवर पडून म्हणाली, "आगं बया, समदी गल्लीच घरात आली की." त्या दिवशी अंगदनं मला खिडकीचे इतके फोटो पाठवले की माझा फोन भरला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. थोड्या दिवसांनी तो सहज गावाकडं चक्कर मारायला गेला आणि तिथूनच त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"गीताबाईबी तोडीला गेली बे. समदी गल्ली गेली. म्हातारी बाजंवर पडून कुलूप बघत बसलीय."

"तुला हे माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"कसं आसंल? हंगामात मी कवा गावात व्हतो का? आदी उसाच्या फडात, मंग हॉस्टेलला. हिवाळ्यातलं गाव मी बघितलंच न्हाई कवा."

खिडकी फिरवावी तर कुठं? तिन्ही बाजूंना कुलपंच होती. तो हिवाळाभर अंगद संध्याकाळी मोटारसायकल काढून जायचा आणि गीताबाईच्या उंबऱ्यावर, कुलपाला पाठ लावून बसायचा. खिडकीतून सोजरमाय बोलायची, हा ऐकायचा. "घर चुकलं की तितं मानूस ठिवावं लागतंय," म्हणायचा. किती दिवस ठेवणार? वडवणीतलं काम आटत गेलं. पुढच्या पावसाळ्यात फारुकनं बोलावलं आणि अंगद गाळ्याचं शटर ओढून दुबईला गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "सोजरमायला सांगाया तोंड झालं न्हाई. तू एकदा जाऊन ये."

दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि गेलो. टोळ्या नुकत्याच हलल्या होत्या. गल्लीत माझ्याच चपलांचा आवाज होता. मी अंगदचा मित्र म्हटल्यावर सोजरमाय बाजेवर उठून बसली.

"त्यो कावून येईना?"

"दुबईला गेलाय, माय. कामाला."

"तोडीला?"

मी समजावून सांगणार होतो, ते राहू दिलं. "हो," म्हणालो.

"कारखाना लांब हाय का?"

"लई लांब."

तिनं मान डोलावली. हे तिला नवं नव्हतं. मग माझ्याकडं नीट पाहून म्हणाली, "आन तू रं? तू कुठं आसतो?"

"पुण्याला."

"मंजी तूबी."

त्या रिकाम्या गल्लीत मला अंगदची फार आठवण आली. मी उगीच घड्याळ पाहिलं.

"जा बाबा," ती म्हणाली. "गाडी चुकंल तुजी."