चाकांवरचे सोवळे

आमच्या अंगणात, शेजारच्या पाच बायकांसमोर, मी एका निरपराध माणसावर खोटा आळ घेतला. "मिस्त्रीनं लावलं असेल, मला न विचारता," असे मी म्हणालो. लावले होते मीच, माझ्या हातांनी, आणि तेही मिस्त्रीने नको म्हटल्यावर. ते वाक्य बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. ते परत घ्यायला मात्र मला दोन वर्षे लागली.

लष्कर शहरात, नया बाजारामागच्या गल्लीत आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. माझी पत्नी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली, मूल नव्हते. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आईवडील गेल्यावर मला तिनेच वाढवले. मी एका सरदारांच्या मोटारखान्यात कारकून होतो. कोणती मोटार कुठे गेली, कोणाचे टायर बदलले, हे लिहून ठेवायचे, आणि गरज पडली तर स्वतः चालवायचे.

आत्याचे सोवळे कडक होते. पाणी विहिरीचे, तेही स्वतः शेंदलेले. गल्लीत नळ आले तेव्हा सगळ्या बायका हरखल्या, पण आत्याने नळाला हात लावला नाही. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते हे तिला कोणीतरी सांगितले होते, आणि ते खरेही होते. स्टेशनांवरही पाणी नळाचेच, त्यामुळे आगगाडीचा प्रवास तिला शक्य नव्हता. एकदा लग्नासाठी झाशीला जाताना ती दिवसभर थेंबभर पाणी न पिता राहिली आणि स्टेशनावर चक्कर येऊन पडली. त्यानंतर तीस वर्षे तिने लष्करची हद्द ओलांडली नाही. ओंकारेश्वरी नर्मदेचे स्नान करायचे, एवढी एकच इच्छा ती कधीमधी बोलून दाखवी आणि लगेच म्हणे, "जाऊ दे रे. वर गेल्यावर भेटेल नर्मदा."

सरदारसाहेबांची एक जुनी लॉरी होती, शिकारीच्या दिवसांत तंबू वाहून नेणारी. नवी आल्यावर ती लिंबाखाली पडून राहिली. मी ती मागितली. साहेब हसून म्हणाले, "न्या, पण परत आणू नका." तेव्हा माझ्या डोक्यात एकच होते. आत्या आगगाडीत बसत नाही, तर तिचे घरच चाकांवर घालावे.

टोपी बाजाराच्या आतल्या बोळात एका मिस्त्रीचे दुकान होते. आमच्या गल्लीतली निम्मी दारे आणि बहुतेक झोपाळे त्याच्या हातचे. तो आणि मी चार महिने त्या लॉरीवर राबलो. सागवानी सांगाडा, वर पत्रा, पत्र्याखाली उन्हासाठी जाड किंतान. चालकाच्या जागेमागे फळ्यांचा आडपडदा आणि त्यात एक लहान खिडकी. खिडकीच्या अलीकडे मी, ओवळा. पलीकडे आत्याचे राज्य. तिथे एक फळीचा पलंग, शेगडीसाठी पत्रा ठोकलेला ओटा, भांडी घसरू नयेत म्हणून ओट्याला बोटभर उंच काठ. पडदे सुती नकोत, धाबळीचेच हवेत, असा आत्याचा हुकूम होता, कारण लोकरीला विटाळ नाही. ते तिने स्वतः शिवले.

शेजारच्या काकू रोज येऊन बघत. "मोटारीत चूल म्हणजे कमाल झाली," त्या म्हणत. "आता टपावर तुळशीवृंदावनही बसवा, म्हणजे प्रदक्षिणा मोटारच घालेल."

"तू बस धावत मागून," आत्या म्हणे. इतकी मोकळी हसलेली मी तिला पूर्वी पाहिली नव्हती.

अडचण पाण्याची होती. तांबटाकडून तांब्याची टाकी करून घेतली होती. मला ती टपावर हवी होती, पण मिस्त्री म्हणाला, वरच्या वजनाने गाडी घाटात कलंडेल. म्हणून टाकी पलंगाखाली बसवली. आता पाणी वर काढायचे कसे? मी रंगपंचमीच्या पिचकारीसारखा पितळी पंप करवून घेतला. आतल्या दट्ट्याला मेणाचा सुती दोरा गुंडाळला. दोन दिवस चालले, मग दोरा फुगून दट्ट्या अडकू लागला. पुन्हा गुंडाळला, तर पाणी ठिबकू लागले.

मिस्त्री म्हणाला, "भाऊसाहब, ढक्कन रख देते हैं. बाईसाहब लोटे से निकाल लेंगी. सीधी बात."

त्याचे बरोबर होते. पण मला धार हवी होती. दांडा दाबला की ओट्यावर पाण्याची धार पडते आहे आणि आत्या तोंडावर हात ठेवून बघते आहे, असे चित्र मी चार महिने मनात रंगवले होते. मी म्हणालो, गाडी हलली की झाकणातून पाणी उसळेल. ते मी शोधलेले कारण होते.

"फिर तो चमड़े की वाटी लगेगी," तो म्हणाला. "बाईसाहब पिएँगी?"

"बाईसाहब को कौन बताएगा?"

त्याने हातातला रंधा खाली ठेवला. "मैं नहीं लगाऊँगा, भाऊसाहब. वो मुझसे पूछेंगी तो मैं क्या कहूँगा?"

म्हणून ते मीच केले. सरदारांच्या बग्गीच्या जुन्या लगामातून गोल तुकडा कापला, तेलात भिजवला, वाटीसारखा वळवून दट्ट्याला बसवला. धार पडली, मनगटाएवढी जाड. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने सगळी मोटार धुऊन गोमूत्र शिंपडले आणि सहज विचारावे तसे विचारले, "कुठे चामडं-बिमडं नाही ना रे?"

"नाही, आत्या."

शिवपुरी, गुना, इंदूर करत आम्ही पाच दिवसांनी नर्मदेवर पोहोचलो. माझ्या आयुष्यात इतकी सोबत मला कधी मिळाली नाही. मी गाडी चालवत असे आणि आत्या खिडकीपाशी बसून मागून बोलत असे. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, फक्त तो शिंकला की सलग तीनदा शिंके, हे आठवत होते. गावाबाहेर झाडाखाली गाडी थांबवायची. ती भाकरी थापून खिडकीतून माझ्या ताटात वरून टाकायची. विहीर दिसली की स्वतः उतरून, शेंदून टाकी भरायची. आणि दर वेळी पंपाचा दांडा दाबताना म्हणायची, "काय डोकं रे तुझं!" घास माझ्या तोंडात फिरत राही.

घाटावर एक थकलेली सोवळी बाई भेटली, कोकणाकडची असावी. आत्या तिला हाताला धरून मोटारीपाशी घेऊन आली. "या, पाणी घ्या. कातडं न लागलेलं आहे. माझ्या भाच्यानं स्वतःच्या हातानं केलंय सगळं." ती बाई ओंजळीने पाणी पिऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "पुण्यवान आहेस हो." मी टायर बघण्याचे निमित्त करून गाडीखाली शिरलो.

परतताना टाकीत नर्मदा भरून आणली. मोटार आमच्या अंगणात उभी राहिली आणि पुढे कित्येक आठवडे गल्लीतल्या बायका तांब्या घेऊन येत राहिल्या. कोणाच्या घरी सत्यनारायण, कोणाची सासू आजारी. आत्या दांडा दाबून देई. मी त्या वेळी घरी थांबत नसे.

उन्हाळ्यात टाकी तळाला गेली आणि पंप ओढेना. चामडे सुकले होते. एका दुपारी मी कामावरून आलो तेव्हा पंप उघडून दगडावर ठेवला होता. दोरा गुंडाळायच्या दिवसांत मला करताना तिने पाहिले होते, तसाच तिने दट्ट्या बाहेर ओढला होता. टोकाला ती काळी, सुरकुतलेली वाटी. भोवती बायका. आणि समोर, काकूंच्या दाराची चौकट दुरुस्त करत बसलेला मिस्त्री.

"हे काय आहे रे?" आत्याने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

आत्या वळली. "मिस्त्री?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. मग तो म्हणाला, "भूल हो गई, बाईसाहब." हत्यारे गोळा करून, दाराची चौकट अर्धीच टाकून तो निघून गेला.

आत्याने तीन दिवस उपास केला, पंचगव्य घेतले. मग ज्या ज्या घरी ते पाणी गेले होते तिथे तिथे ती स्वतः गेली. "मिस्त्रीनं चामडं लावलं, मी नीट पाहिलं नाही, मला क्षमा करा," असे तिने प्रत्येक उंबऱ्यावर म्हटले. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाली, "तुझा तरी काय दोष? भरवसा टाकला माणसावर." त्या नर्मदेवरच्या बाईला कळवायचे कसे, ही तिची रुखरुख राहिली. तिचे नाव-गाव विचारले नव्हते.

मिस्त्रीला गल्लीतून बोलावणे बंद झाले. कोणी भांडले नाही, फक्त झोपाळा मोडला की दुसरा सुतार येऊ लागला. काही महिन्यांनी टोपी बाजारातले त्याचे दुकान बंद दिसले. तो गिरणीत लागला होता, पेट्या ठोकायच्या कामावर.

ती दोन वर्षे मी कशी काढली ते सांगता येणार नाही. आत्या रोज समोर जेवायला वाढे आणि मी तिच्याशी बोलू शकत नसे. तिला वाटे, मला बायकोची आठवण येते. मी सुटीच्या दिवशी ती मोटार घेऊन एकटाच बाहेर पडे, शिवपुरीच्या रस्त्याला कुठेतरी थांबून मागच्या पलंगावर पडून राही. खिडकीच्या पलीकडून कोणी बोलत नसे. मोटारीत दोन माणसांची जागा केली होती आणि मी तिथे एकटा बसून बाजारातून आणलेल्या पुऱ्या खात असे. मग अंधार पडायच्या आत घरी येई, कारण आत्या दाराशी उभी असे.

दुसऱ्या हिवाळ्यात आत्या म्हणाली, "अरे, पुन्हा एकदा जाऊन येऊ या का? मागचं स्नान घडलं, पण मन साफ नाही. तो पंप काढून टाक. आणि या खेपेला कोणी विश्वासू माणूस बघ."



त्या रविवारी मी गिरणीच्या वस्तीत गेलो. मिस्त्री खोलीबाहेर बाजेची निवार ताणत होता. मला बघून उठला आणि त्याने पहिली चौकशी आत्याची केली. "बाईसाहब ठीक हैं?" मी खूप बोललो. मनावर ओझे होते, वेळ तशी आली, तोंडून निघून गेले, असे काहीबाही. तो निवार ताणत राहिला.

शेवटी मीच विचारले, "तुम चुप क्यों रहे उस दिन?"

"मेरे तो चार बच्चे हैं, भाऊसाहब," तो म्हणाला. "बाईसाहब के पास एक आप ही थे."

मी पुन्हा माफीचे काही बोलू लागलो तेव्हा त्याने आजूबाजूला नजर टाकली. "यहाँ किसको सुना रहे हैं? यहाँ तो मुझे सब भला आदमी ही समझते हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. लगाम, तेल, दट्ट्या, मिस्त्रीने रंधा खाली ठेवला ते, सगळे सांगितले. तिने सूप बाजूला सारले. मग म्हणाली, "म्हणजे मी दारोदार जाऊन त्या माणसावर शिक्का मारून आले." आणि उठत, "माझ्याशी काय बोलायचं ते नंतर. आधी त्याला बोलाव. इथे. त्या बायकांनाही मीच बोलावते."

त्या पुढच्या रविवारी मिस्त्री आला. धुतलेला सदरा घालून, दाराबाहेरच उभा राहिला. काकू होत्या, बाकीच्याही बहुतेक होत्या. आत्या भिंतीपाशी उभी होती. कोणी बसले नव्हते. मी मुद्दाम मराठीतच बोललो, सगळ्यांना कळावे म्हणून. आमच्या घरांतून उभे आयुष्य काम केलेल्या मिस्त्रीला मराठी कळतच होते.

पहिल्यांदा मी "त्या दिवशी माझ्याकडून गैरसमज झाला" असे म्हणालो. आत्या म्हणाली, "गैरसमज नाही. नीट बोल."

मी अंगणातून बाहेर, मिस्त्रीच्या समोर गेलो आणि म्हणालो, "चामडं मी लावलं. तुम्ही मला नको म्हणालात, तरी लावलं. आत्यानं विचारलं तेव्हा तिच्याशी खोटं बोललो, आणि पकडलो गेलो तेव्हा तुमचं नाव घेतलं. तुमचं काम गेलं ते माझ्यामुळे. तुमचा काही दोष नव्हता, मिस्त्री. मला माफ करा."