जिन्यावरची पाठमोरी बाई

माझी आत्या एका चित्रपट कंपनीत शिवणकाम करायची. मूकपटांचे दिवस होते. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून कंपनीत सगळे तिला टाचणीबाई म्हणत. आमच्या घरात तिच्याइतकं मानी माणूस दुसरं झालं नाही, आणि ती गेल्यावरही माझा तिच्यावरचा राग पुरता गेलेला नाही.

त्या वर्षी कंपनीने एक प्रेमाचा विनोदी पट काढला. श्रीमंत घरची गर्विष्ठ मुलगी मोलकरणीचं सोंग घेते, आणि ज्याला नोकर समजून ती हिडीसफिडीस करते तोच मोठ्या घरचा निघतो, असलं काहीतरी. नटीबाई पडद्याबाहेरही तशाच नाकावर माशी न बसू देणाऱ्या. भरलेली बादली घेऊन जिना चढायचा म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. चित्रण पाठीमागूनच होतं, बांधाही सारखा, म्हणून दिग्दर्शकाने आत्याच्या अंगावर मोलकरणीचे कपडे चढवले आणि कुठे बोलायचं नाही अशी ताकीद दिली. आत्या जिना चढली. मध्यावर थांबली, बादली टेकवली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि पुढे गेली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. दिवसभर यंत्रावर वाकून तिची कंबर खरंच भरून आली होती.

आता मुद्द्याचं. कंपनीला कापड पुरवणारा एक बडा दुकानदार होता. चार वर्षांपूर्वी बायको गेलेली, माणूस सज्जन. आत्या सहा वर्षं दर आठवड्याला त्याच्याकडे जायची आणि तिचा त्याच्यावर जीव जडला होता. पट लागल्यावर हा गडी रोज दुपारच्या खेळाला जाऊन बसू लागला.

"बाई, तुम्ही तो जिना पाहिलात?" कापड मोजता मोजता तो एकदा म्हणाला. "कमरेवर हात ठेवते ना, तिथे जीव हलतो माझा. एवढी मोठी नटी, पण दमणं काय असतं ते तिला कळतं." आणि नटीबाईंना द्यायची एक चिठ्ठी त्याने आत्याच्या हातात ठेवली.

"मग ती मीच, असं सांगायचं नाही का?" मी पुढे आत्याला विचारलं होतं.

"सांगून काय मिळवायचं? सहा वर्षं त्याच्याच दुकानात तागे उचलून झाले की मी अशीच उभी राहायची. त्याला दिसायला नको?"

तरी तिने एक संधी दिली, त्याला की स्वतःला कोण जाणे. चिठ्ठी पिशवीत घालून ती पट उतरायच्या दिवशी दुपारच्या खेळाला गेली. जिन्याचा प्रसंग जवळ आला तशी उठली, त्याच्या खुर्चीपुढे पाठ करून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवला.

मागून त्याचा आवाज आला. "बाई, जरा बाजूला व्हा. तिचा जिना येतोय."

आत्या बाजूला झाली. एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं, मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठी नटीबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती आरशासमोर उभ्या उभ्या वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"कुठला गं जिना?"

"तुमचाच," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवरचे हूक लावू लागली.